चौथ्या गेटाचे आकडे

धान निसवायला लागला की आमच्याकडे हवेचा वास बदलतो. तिरोड्याहून गावाकडे निघालेल्या एसटीच्या खिडकीतून तो आत येतो. आधी साचलेल्या पाण्याचा, मग शेवाळाचा, आणि वळण ओलांडलं की एकदम तो कोवळा, दुधाळ, जरासा गोडसर वास. त्यातून कुणी एखाद्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वासाचा चिन्नोर लावला असला तर विचारायलाच नको. परवा शेजारच्या सीटवरची बाई डोळे मिटून म्हणाली, "काय सुगंध येऊन राहिला वो बाई." तिला त्या वासाने भूक लागली असणार. मी खिडकीची काच ओढून घेतली. गेली काही वर्षं दर आश्विनात मला गावी न येण्यासाठी काही ना काही काम निघतं आणि कापणी उरकली की ते आपोआप संपतं.

खरं तर कारण मला चांगलं ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका माणसाला साठ-सत्तर लोकांसमोर खोटं ठरवलं. दोन दिवसांनी मला कळलं की तो खरा होता. तेव्हाच उठून मी ते सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. एरवी मी तोंडाळ म्हणून गावभर प्रसिद्ध. बाबा म्हणतात, हिला बोलतं करायला कुणी लागत नाही, थांबवायला माणूस ठेवावा लागतो. अशी मी, नेमकी बोलायच्या वेळी मूग गिळून बसले.

आमच्या गावाला चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी येतं. रोवणीच्या वेळी त्याचं फारसं कुणाला कौतुक नसतं, तेव्हा वरूनच एवढं पडत असतं की बांध फोडून पाणी काढावं लागतं. पण आश्विनात पाऊस पाठ फिरवतो, आणि नेमकं तेव्हाच धानाला पायात पाणी हवं असतं. लोंबी बाहेर पडून तिच्यात दूध भरायचे ते दिवस. तेव्हा बांधी भेगाळली की दाणा पोचट राहतो, वरून पिवळाधमक दिसतो आणि हातात चोळला की फुंकरीने उडतो. म्हणून तलावातून पाण्याची शेवटची पाळी सुटली की अख्खं गाव पाटाकडे डोळे लावून बसतं. घरात सून बाळंतीण असली तरी आधी विचारतात, पानी कोठवर आलं.

पाटावर पाच गेटं आहेत आणि प्रत्येक गेटावर पाणी वापर संस्थेचा एक माणूस. त्याने रोज सकाळी गेट उघडायचं, शेजारच्या सिमेंटच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी किती इंचांवर आहे ते बघायचं आणि संस्थेच्या वहीत लिहायचं. चौथं गेट मंसाराम काकांचं. मी परकरात होते तेव्हापासून ते त्यांचंच. उंच, पुढे वाकलेले, कमरेला करगोट्यात गेटाची चावी. आम्ही पोरी पाटावर कपडे धुवायला बसलो की ते लांबूनच ओरडत, "साबनाचा फेस इकडं नोका सोडू वो, मले पट्टी दिसत नाई." आम्ही मुद्दाम सोडायचो. ते फेस हाताने बाजूला सारून, डोळे बारीक करून, पाणी स्थिर होईपर्यंत उकिडवे बसून राहायचे. बाकीचे गेटवाले उभ्याउभ्या बघून मोकळे होत. काकांचं तसं नव्हतं. पाणी पट्टीच्या खुणेच्या मधोमध असलं तर ते जुन्या पद्धतीने आकड्यापुढे दोन दंड काढायचे, म्हणजे अर्धा. साडेतेरा म्हणजे तेरा आणि दोन दंड. चौथीपर्यंत शिकलेले, पण आकडे असे काढत की वहीचं ते पान वेगळं ओळखू यावं.

मग ते साथीचं वर्ष आलं. मी पुण्याची खोली सोडून लॅपटॉप घेऊन गावी आले होते आणि ओसरीत बसून कंपनीचं काम करत होते. बाबा संस्थेचे सचिव. ऑफिसात वहीभोवती गर्दी नको म्हणून त्यांनी ठरवलं की गेटवाल्यांनी आकडा मोबाइलवर पाठवावा. आणि ते आकडे एकत्र करून तक्ता बनवायचा प्रोग्राम कोण लिहिणार, तर सचिवांची इंजिनियर मुलगी. मला कोण आनंद झाला होता. जगभरातली पंधरा-वीस माणसं फावल्या वेळात एक छोटी प्रोग्रामिंग भाषा घडवत होती आणि मी त्यांच्यातली एक होते. मी म्हटलं, आपल्याच भाषेत लिहू. एका दुपारीत लिहून मोकळी झाले. आईचं भाकरीचं पीठ मळून होईपर्यंत तक्ता पडद्यावर उभा होता, असं मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं.

आता जरा प्रोग्रामचं सांगते, फार नाही. मोबाइलवरून "14" असा संदेश आला की संगणकाला तो आकडा वाटत नाही. त्याच्या लेखी ती दोन अक्षरं. त्या अक्षरांपासून आकडा बनवावा लागतो, आणि हे बनवायचं काम प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. आमच्या भाषेत ज्याने लिहिलं त्याला इंग्रजी शून्य ते नऊ एवढीच दहा अक्षरं माहीत होती. त्यांच्यापलीकडचं अक्षर दिसलं की ते तिथंच थांबायचं आणि तोवर जेवढं जमलं असेल तेवढं परत द्यायचं. पहिलंच अक्षर अनोळखी असलं तर काहीच जमलेलं नसायचं, म्हणजे शून्य. बरं, मला कळलं नाही असंही ते सांगायचं नाही. निमूटपणे शून्य ठेवून पुढे जायचं.

चार गेटवाले इंग्रजी आकडे पाठवत होते. मंसाराम काकांच्या मोबाइलवर त्यांच्या सुनेने मराठी अक्षरं घालून दिली होती, त्यामुळे ते "१४" पाठवत.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मला तपासून बघता आलं असतं, पण मी तपासलं नाही. आकडे येत आहेत, तक्ता बनतो आहे, बाबा तिरोड्याहून त्याची प्रिंट काढून आणून ऑफिसच्या दाराला चिकटवत आहेत. वरच्या ओळीत तारखा, खाली पाच गेटं, आणि चौथ्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य. आणखी एक शहाणपण मी केलं होतं. ज्या दिवशी संदेश आलाच नाही तिथंही शून्यच दाखवलं होतं, रिकामी चौकट बरी दिसत नाही म्हणून. ताटात काही नसणं वेगळं आणि ताटच न मांडणं वेगळं, हे घरातल्या कुठल्याही बाईला कळतं. मला तेव्हा नाही कळलं.

त्या वर्षी चौथ्या गेटाच्या खालच्या बांध्या वाळल्या. लोंबी पडली आणि तिथंच करपली. रूपचंदभाऊंची सगळी जमीन त्या टोकाला. ते रोज दुपारी ऑफिसच्या दारापुढे उभे राहून तक्ता बघत आणि थुंकून निघून जात. एकवीस दिवसांची पाळी संपली, आणि समाजमंदिरासमोर सभा बसली. सगळ्यांच्या तोंडांना गमछे, दुपट्टे, पदर. मधोमध मंसाराम काका उभे.

"तुमी गेट उघडलंच नाई," रूपचंदभाऊ म्हणाले. "आमचं पानी वरच्या सोयऱ्यायले देल्लं."

"मी रोज गेट उघडलं," काका म्हणाले. "रोज आकडा धाडला."

बाबांनी कागद वर धरला. "ह्या कागदावर तुजा एकबी आकडा नाई, मंसाराम."

"यंत्रात पाहा ना." असं म्हणत काकांनी बंडीच्या खिशात हात घातला, मोबाइल काढायला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "काका, प्रोग्राम मनानं काही लिहीत नाही. जे येतं तेच दाखवतो. बाकीच्या चौघांचं बरोबर दाखवलं ना?"

काका माझ्याकडे बघत राहिले. गमछ्यावर नुसते डोळे.

"माजे सगळेच शून्य दावते?"

"सगळेच."

खिशातला हात तसाच रिकामा बाहेर आला. त्यांनी मान खाली घातली, करगोट्याची चावी सोडली आणि बाबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. गर्दीतून वाट काढत निघून गेले. गप्प बसला म्हणजे चोरी पटली, असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं होतं, आपलं काम किती चोख निघालं म्हणून. ते आठवलं की आजही मान आपोआप खाली जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाषेच्या मित्रांना दाखवायला म्हणून प्रोग्राम उघडला आणि तक्त्याऐवजी मूळ संदेशच पडद्यावर आले. चौथ्या गेटाचे एकवीसच्या एकवीस. १४. १४. १३॥. १५. सगळे सकाळी साडेसहाच्या आतबाहेर आलेले. बाहेर आई तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता, आणि मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. कुठं चुकलं हे शोधायला दोन मिनिटं लागली नाहीत. मराठी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्यायचे, अशी एक ओळ मी प्रोग्रामात घातली. तक्ता पुन्हा बनवला. चौथी ओळ भरून आली, इतर ओळींपेक्षा नीटनेटकी. तो तक्ता मी छापला नाही.

कारणं हवीत तर माझ्याकडे ढिगाने होती. कागद बाबांनी वाचला होता, त्यांची मान खाली गेली असती. बाबा चाळीस वर्षं या गावात ताठ चालले आहेत. मग म्हटलं, पुढच्या सभेत सांगू. मग म्हटलं, पौर्णिमा होऊ दे. आश्विन पौर्णिमेला संध्याकाळी आम्ही सगळे विहारात जमलो, पांढरे कपडे, मेणबत्त्या, बायकांच्या रांगेत मी. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि मी नुसते ओठ हलवले. शेजारच्या काकूने पाण्याची बाटली पुढे केली, तिला वाटलं घसा धरला. मी पाणी प्याले. पुरुषांच्या रांगेत सगळ्यात मागे मंसाराम काका बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती, आणि ती काही साथीच्या नियमामुळे नव्हती.

मग कापणी आली. आमच्याकडे कापणीत कुणाला कुणाचं सुतक नसतं. इळे, भारे, पुंजणे, तणसाची धूळ, संध्याकाळी अंग खाजून खाजून लाल. पाट कोरडा झाल्यावर साफ करायला माणसं उतरली तेव्हा चौथ्या गेटाच्या खाली खेकड्यांनी पोखरलेलं भगदाड सापडलं. पाणी तिथूनच नाल्यात जात होतं. आता तरी लोक म्हणतील, असं मला वाटलं. लोक म्हणाले, एक तर गेट नाही उघडलं आणि वर हे भगदाड. कागद दाराला तसाच होता ना. त्याच्यापुढे भगदाडाचं काय चालणार.

मी पुण्याला निघून गेले. पळून गेले म्हणा, माझी हरकत नाही.

तिथं बसून मी एक मोठं काम हातात घेतलं. आमच्या भाषेच्या त्या आकडे बनवण्याच्या भागाला जगातल्या सगळ्या लिप्या शिकवायच्या. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, आणि बहुतेक लिप्यांचे शून्य ते नऊ ओळीने शेजारीशेजारी बसवलेले असतात. मराठीचे, बंगालीचे, तमिळचे, अरबीचे, कितीतरी. आपण आजवर फक्त इंग्रजीची ओळ बघत होतो, आता सगळ्या बघू, असं मी मांडलं. भाषेच्या मंडळींपैकी एकाने लिहिलं, आजकाल संगणकात असे आकडे लिहितं कोण? मी त्याला इतकं लांबलचक आणि इतकं तिखट उत्तर दिलं की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. मग मिश्र आकड्यांवरून वाद झाला. एक अक्षर मराठी आणि एक इंग्रजी असलं तर काय करायचं? मी म्हटलं, नाकारायचं, आणि नाकारलं हे मोठ्याने सांगायचं. ते मुकाट शून्य तर काढलंच पाहिजे. जुने प्रोग्राम मोडतील, ते म्हणाले. मोडू देत, मी म्हणाले. आठ महिने भांडले. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांशी मी मंसाराम काकांच्या बाजूने कडाकडा भांडत होते, आणि गावातल्या माणसांशी एक अक्षर बोलायची माझी छाती नव्हती.

ते काम भाषेत गेलं. असं काम तपासायला नमुन्याचे आकडे लागतात. मी काकांचे एकवीस घातले. भाषेत कुणीही काहीही बदल केला की ते एकवीस पुन्हा तपासले जातात. त्यातल्या तेरा आणि दोन दंडांना भाषा अजूनही म्हणते, हा आकडा नव्हे. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. मंडळींनी माझं कौतुक केलं. पुढे पुण्यात एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. तिथं मी रंगवून सांगितलं, आमच्या गावात एक आजोबा होते, त्यांचे सगळे आकडे माझ्या प्रोग्रामने शून्य केले. लोक हसले. मीही हसले. मग एकाने विचारलं, पुढे त्या आजोबांचं काय झालं? मी म्हणाले, काही नाही, दुरुस्त केलं ना मी. त्या दिवशी खोलीवर येऊन मी जेवले नाही. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती, आणि तरीही पुढची चार वर्षं गेली, हे कसं सांगू.

यंदा भाषेची नवी आवृत्ती निघाली. कुठल्याशा दूरच्या शाळेतल्या एका बाईंचं मला पत्र आलं. त्यांची मुलं आता आपल्याच लिपीत गणितं लिहितात आणि यंत्राला ती कळतात, तुमचे उपकार आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. उपकार. मी लॅपटॉप मिटला. आता मी कामाला गोंदियालाच असते, तरी गावी फार कमी जाते आणि आश्विनात तर मुळीच नाही. परवा मी उठले आणि एसटीत बसले.

आधी बाबांना सांगितलं. ते आंघोळ करून ओसरीत बसले होते, चष्मा पुसत. मी सगळं सांगितलं, थांबून थांबून. त्यांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"तेव्हाच काऊन नाई बोलली?"

"भ्याले."

"माज्यासाठी भ्याली का सोतासाठी?"

बाबा उठले आणि समोरच्या चुलीतलं लाकूड आत सारलं. तिथूनच म्हणाले, "कागद मी वाचला होता, बाई. माज्या तोंडानं." एवढंच. मग पायात चप्पल घालून म्हणाले, "जाय. तू एकटी जाय आधी."

मंसाराम काका अंगणात सिंदीच्या पानांचे झाडू बांधत बसले होते. खळ्याला लागतात. केस सगळे पांढरे झालेले, गुडघ्यांना कापड गुंडाळलेलं. मला बघून म्हणाले, "सुजा होय ना वो? बस." काकीने आतून पाण्याचा गडवा आणून ठेवला. मी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. अक्षरं, आकडे, इंग्रजी ओळ, मराठी ओळ. तुमचे सगळे आले होते काका, माझ्या यंत्राला ते वाचता आले नाहीत. मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी सांगितलं नाही.

त्यांचे हात थांबले नव्हते. पान, दोरी, गाठ. मग थांबले.

"मंजे एकबी नाई वाचला त्यानं?"

"एकही नाही."

"चांगले अना वाईट, सारखेच?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणाले, "तुमचा एकही आकडा वाईट नव्हता, काका."

"होता," ते म्हणाले. "अकराव्या दिवसाचा. तुज्या काकीले दवाखान्यात नेलं होतं तिरोड्याले, रगत थांबून नाई राहिलं होतं. रूपचंदच्याच गाडीवर नेलं. मी तेथीच बाकड्यावर बसून चौदा लिवलं अना धाडून देल्लं. मनलं, काल चौदा होतं, आजबी असन."

गुडघ्यावरचं कापड ते उगाच सारखं करत राहिले.

"तू बोलली ना, यंत्र जे येते तेच दावते. मी समजलो का त्यानं तो खोटा पकडला. अना एक खोटा निंगाला मनून बाकीचेबी पुसून टाकले. शारेत गुरुजी असेच करत, एक गनित पाहून लिवलं का अख्खी वही काटत. मोबाइल काढून दावला असता तं तो चौदाबी निंगाला असता सगळ्यायसमोर, अना रूपचंदले तं ठावंच होतं मी कोठी होतो. म्या मनलं, बरोबर केलं यंत्रानं."

"सहा वर्स मनून राहिली मी," काकी आतून म्हणाली, "एवढ्याशासाठी कोनी चावी काढत नाई. पन ह्यायचं आपलं एकच."

मला तिथं रडू आलं. मी म्हणत होते की मी एका खऱ्या माणसाला लोकांच्या नजरेत खोटं पाडलं. ते तर मला ठाऊकच होतं, सवयीचं झालं होतं. हा माणूस सहा वर्षं स्वतःच्या नजरेत खोटा होता. एका दिवसाच्या चौदासाठी तो वीस दिवसांचं उकिडवं बसणं विसरला होता, आणि तिसऱ्या दिवशी मी दहा पावलं चालून आले असते तर हे झालं नसतं. मी त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले. "राहू दे वो, दुखतात," म्हणाले. चौथ्या गेटापर्यंत आता त्यांना चालवत नाही. चावी परत देऊन उपयोग नाही, तेही मला तिथंच कळलं.

"सभेत सांगते मी," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. तो अकरावा दिवस मी सोडून देईन, कुणाला काही कळणार नाही."

"अर्धं सांगशीन तं सांगूच नोको," काका म्हणाले आणि पुन्हा झाडू बांधायला लागले.

काल सभा झाली. शेवटच्या पाळीची, दरवर्षीसारखी. यंदा तोंडं उघडी होती, म्हणून जास्त अवघड होतं. बाबा सचिव नाहीत आता, पण ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "जाऊ दे ना, जुनी गोष्ट होय," आणि दोन-चार जणांनी माना डोलावल्या. पोरीनं कबूल केलं, मन मोठं आहे, असंही कुणीतरी पुटपुटलं. मला तेच नको होतं. मी कागद उघडला आणि आकडे मोठ्याने वाचायला लागले. पहिला दिवस चौदा. दुसरा चौदा. तिसरा साडेतेरा. लोक जरा चुळबुळले आणि मग ऐकायला लागले. रूपचंदभाऊ पुढच्या खुर्चीत खाली बघत बसले होते. दहाव्या दिवसापर्यंत पोचले आणि मी थांबले. अकराव्या दिवसाचं काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, तरी जीभ उचलेना.

एवढ्यात मागे भिंतीला हात लावून मंसाराम काका उठले.

"अकरावा वाचू नोको," ते म्हणाले. "त्या दिवशी मी गेटावर गेलोच नोतो. रूपचंदच्या गाडीवर तिरोड्याले होतो. तो आकडा बसल्या जागी लिवला मी."

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. रूपचंदभाऊंनी मान वर केली. ते काकांकडे बघत राहिले, मग उठले आणि आपली खुर्ची उचलून मागे घेऊन गेले. "बसा काका," ते म्हणाले. काका बसले नाहीत. मला सहा वर्षं जे सांगता आलं नाही तसलंच काहीतरी त्यांनी एका दमात सांगून टाकलं होतं, आणि आता माझ्यामुळे सभेचा खोळंबा झाल्यासारखे ते माझ्याकडे बघत उभे होते.

"बाराव्या दिवसाचा सांग, सुजा."

पंधरा होता. मी वाचला.